तिसरी तार : रॉकच्या मंचावर गिटार बेसूर का होते?

माझ्याकडे साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या लेबलावर निळ्या शाईत ‘गॅदरिंग, फेब्रु. ८७’ असं लिहिलं आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पटांगणावर आमच्या पाच जणांच्या बँडनं त्या रात्री सहा गाणी वाजवली. पाचवं गाणं सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांत काहीतरी बिनसतं. गिटार आणि गायक यांचं जमत नाही, कोरस आला की कान टवकारतात आणि पुढच्या रांगांतून शिट्ट्या ऐकू येतात. त्या शिट्ट्या कौतुकाच्या नव्हत्या.

गिटार माझ्या हातात होती. कार्यक्रम संपल्यावर वर्गाच्या मागच्या बाजूला उभं राहून मी आमच्या गायकाला, सगळ्यांच्या देखत, ‘तू सूर सोडलास’ असं सुनावलं. तो काहीच बोलला नाही. नंतर तो बँडमध्ये आला नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे पुन्हा कधी मंचावर गायलाही नाही.

त्या रात्री माझी आत्या दुसऱ्या रांगेत शाल पांघरून बसली होती. ती गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. घरात मिरजेचे दोन तंबोरे होते आणि ते जुळवण्यात तिची रोजची पंधरा-वीस मिनिटं जायची. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनं विचारलं, “अरे, ते वाद्य मधे एकदा जुळवून का नाही घेतलंस?” मी म्हणालो, “आत्या, रॉकमध्ये मधे थांबत नाहीत.” ती म्हणाली, “का?”

त्या ‘का’चं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. मी संगीतशास्त्राचा अभ्यासक नाही. नोकरी यंत्रांच्या सांगाड्यांची गणितं करण्यात गेली. निवृत्तीनंतर कॅसेट संगणकावर उतरवून घेतली तेव्हा हा प्रश्न पुन्हा समोर आला. या वेळी हाताशी गणित होतं आणि सवडही होती.

सुरुवात तारेपासून करू. गिटारची पहिली, म्हणजे सर्वांत बारीक आवाजाची पोलादी तार सुरात आणायची तर ती ताणावी लागते. ताणली की ती लांबते. किती? फेंडर पद्धतीच्या गिटारवर तारेचा वाजणारा भाग सुमारे ६४८ मिलिमीटर असतो. त्या लांबीत पहिली तार सुरात येईपर्यंत जेमतेम साडेचार मिलिमीटर लांबते. तिसरी तार गुंडाळी नसलेली, साधी पोलादी असेल, तर ती फक्त दीड मिलिमीटरच्या आसपास लांबते. तार जाड घ्या वा बारीक, या आकड्यांत फरक पडत नाही, कारण जाडी वाढली की वजन आणि ताण दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. साध्या तारेचं हे लांबणं ठरतं ते ती कोणत्या सुराला लावली आहे यावरून. सूर जितका खालचा, तितकी ती कमी लांबलेली.

आता समजा, वाजवताना तार खुंटीकडून एका पातळ केसाएवढी, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, सरकली. पहिल्या तारेच्या साडेचार मिलिमीटरच्या हिशेबात हे किरकोळ आहे. तिचा सूर नऊ-दहा सेंटनी उतरेल. (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट.) तिसऱ्या तारेला मात्र तेवढंच सरकणं सुमारे २६ सेंटना पडतं, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाव हिश्शाला. तयार कानाला पाच-सहा सेंटचा फरकही जाणवतो. पाव हिस्सा तर पहिल्या रांगेतल्या माणसालाही खटकतो.

उष्णतेचंही तसंच. पोलाद तापलं की पसरतं. तारा बारीक, त्या चटकन तापतात. मानेचं लाकूड सावकाश तापतं. लाकूड अजून थंड असताना तारा दहा अंशांनी तापल्या, तर पहिली तार सुमारे पंधरा सेंटनी उतरते आणि तिसरी चाळीसनी. सगळ्या तारा सारख्याच उतरल्या असत्या, तर निदान गिटार स्वतःशी तरी सुरात राहिली असती. पण त्या वेगवेगळ्या उतरतात, म्हणून एकटीनं छेडलेला कॉर्डसुद्धा फाटका वाटतो. आम्ही त्या रात्री फेब्रुवारीच्या थंडीत, एका रिकाम्या वर्गात गिटार लावली आणि मांडववाल्याच्या चार हॅलोजनखाली जाऊन उभे राहिलो.

तिसरं कारण घर्षण. गिटारच्या मानेच्या टोकाला खाचा पाडलेली एक पट्टी असते, तिला वादक नट म्हणतात. तंबोऱ्यावर अटी जे काम करते तेच तिचं काम. तार त्या खाचेतून पुढे खुंटीकडे जाते. वादक बोटानं तार बाजूला खेचतो तेव्हा ताण वाढतो आणि पट्टीपलीकडची थोडी तार वाजणाऱ्या भागात ओढली जाते. बोट सोडलं की तिनं परत जायला हवं, पण खाच तिला धरून ठेवते. मग तार उतरलेली राहते. उलट, दांडी दाबून तारा सैल केल्या की तार पट्टीपलीकडे सरकते, आणि दांडी सोडल्यावर तितकीच परत येत नाही. मग ती चढलेली राहते. वाकवली की उतरते, दांडी दाबली की चढते, हे गणित न मांडताही जुन्या वादकांना ठाऊक होतं. म्हणून दांडी वापरल्यावर ते तारेला एक हिसका देत आणि खाचांत पेन्सिलीचं शिसं घासून ठेवत.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती. तार बाजूला खेचून स्वर चढवायचा तर तिची लांबी किंचित वाढवावी लागते. ज्या तारेची मूळची लांबलेली लांबी थोडी, तिच्यात ही किंचित वाढ मोठा फरक पाडते. म्हणजे जी तार थोड्या खेचण्यात भरपूर चढते, तीच केसभर सरकण्यानं भरपूर उतरते. हे दोन वेगळे गुण नाहीत. गणितात तो एकच आकडा आहे. रॉकचा रडणारा, विव्हळणारा स्वर बहुधा याच तिसऱ्या तारेवर निघतो, आणि बिघडते तीही प्रथम हीच.

हे नेहमी असं नव्हतं. १९५० च्या दशकात गिटारच्या तारांच्या संचात तिसरी तार सहसा गुंडाळलेली असे. आत बारीक पोलादी गाभा आणि वरून धातूचा वेढा. ताण सोसायचं काम गाभ्याचं आणि वजन वाढवायचं काम वेढ्याचं. गाभा बारीक असल्यानं तो पुष्कळ लांबलेला असे, म्हणून तार स्थिर; पण खेचायला मात्र हट्टी. अमेरिकेतल्या तरुण वादकांनी यावर एक युक्ती काढली. पहिलीच्या जागी बँजोची बारीक तार, दुसरीच्या जागी संचातली पहिली आणि तिसरीच्या जागी संचातली दुसरी, जी साधी, विनागुंडाळीची असे. कॅलिफोर्नियातला दुकानदार एर्नी बॉल यानं हा कल ओळखला आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला असे हलके संच ‘स्लिंकी’ या नावानं तयारच विकायला आणले. रॉकची गिटार बोलू लागली ती या तारांमुळे. तिच्या बेसूरपणाचा मोठा हिस्साही याच पाकिटातून आला.

दांडीची गोष्ट त्याहून जुनी. क्लेटन कॉफमन, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणत, त्यानं १९२९ साली गिटारचा स्वर हलवणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची व्हायब्रोला बाजूला हलवायची आणि वाद्य हमखास बिघडवायची. प्रसिद्ध वादक मर्ल ट्रॅव्हिसनं आपली अशीच त्रास देणारी व्हायब्रोला पॉल बिग्जबी नावाच्या कारागिराकडे दुरुस्तीला दिली. बिग्जबी मूळचा मोटरसायकलच्या धंद्यातला माणूस. त्यानं दुरुस्ती सोडून स्वतःचीच नवी यंत्रणा घडवली, आणि ती आजही विकली जाते. म्हणजे गिटारच्या दांडीचा इतिहासच मुळी सूर बिघडल्याच्या तक्रारीतून पुढे सरकला आहे. पुढे याच कॉफमनबरोबर काही काळ भागीदारी केलेल्या लिओ फेंडरनं १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आणली. तिची घोडीच सहा स्क्रूंवर झुलते आणि पाठीमागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा तारांच्या ताणाला तोलून धरतात. फेंडरनं या यंत्रणेला ‘ट्रेमोलो’ म्हटलं. शब्दाचा खरा अर्थ आवाज लहानमोठा करणं असा आहे, स्वर हलवणं असा नाही. गंमत म्हणजे आवाज लहानमोठा करणाऱ्या आपल्या अँप्लिफायरांना त्यानं ‘व्हायब्रेटो’ म्हटलं. ती अदलाबदल अजून कोणी दुरुस्त केलेली नाही.

तोलून धरलेल्या घोडीचा एक परिणाम वाचकांनी लक्षात ठेवावा. सहाही तारा आणि स्प्रिंगा एकमेकांशी बांधलेल्या आहेत. एक तार खेचली की बाकीच्या पाच किंचित उतरतात. एक तुटली की उरलेल्या पाच चढतात. अशा वाद्यावर एका तारेचं दुखणं एकटं राहत नाही.

ही झाली वाद्याची तयारी. आता मंच पाहू. १९६५ च्या १५ ऑगस्टला बीटल्स न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सुमारे ५५ हजार लोकांपुढे वाजवत होते आणि किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जिम मार्शलच्या कारखान्यातून शंभर वॉटचे अँप्लिफायर निघू लागले. वादकाच्या पाठीशी गर्जना, शेजारी ढोल, समोर गर्दी. वादकाला स्वतःचा आवाज परत ऐकवणारे मंचावरचे स्पीकर तेव्हा प्राथमिक अवस्थेत होते. तार दहा सेंटनी उतरली तर कळणार कशी? आत्यानं ‘का’ विचारलं त्याचं अर्धं उत्तर हे आहे. थांबायला हवं, हे कळायलाच मुळी शांतता लागते.

या टप्प्यावर गोष्टीत आपली माणसं येतात, आणि ती ओढूनताणून आणावी लागत नाहीत. १८ जून १९६७, रविवार. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे पॉप महोत्सवाचा शेवटचा दिवस. दुपारचं सत्र एकट्या रविशंकर यांचं. रॉक बँडांच्या मधे वाजवणार नाही, अशी त्यांची अट होती. त्याच संध्याकाळी ‘द हू’नं मंचावर गिटार फोडली आणि जिमी हेंड्रिक्सनं आपली पेटवली. वाद्याला नमस्कार करून बसणाऱ्या रविशंकरांना हे पाहून किती यातना झाल्या, ते त्यांनी पुढे सांगितलं आहे. या प्रसंगाकडे आपण नेहमी दोन संस्कृतींची टक्कर म्हणून पाहतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. एकाच दिवशी, एकाच मंचावर, पोलादी तार बाजूला खेचून स्वर काढणारे जगातले दोन श्रेष्ठ वादक वाजवून गेले. सतारीवरची मींड म्हणजे दुसरं काय? बाजाची तार खेचून एकाच पडद्यावर चार-पाच स्वरांपर्यंत जायचं. जो तार खेचतो त्याची तार उतरते. हा नियम दोघांनाही सारखाच लागू होता. फरक होता तो उतरल्यावर काय करायचं यात.

हेंड्रिक्सची अडचण तर दुहेरी-तिहेरी होती. तो डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तिच्या तारा फिरवून लावायचा. सहा खुंट्या एका ओळीत असल्यानं त्याच्या वाद्यावर जाड तारेचा पट्टीपलीकडचा भाग सर्वांत लांब पडे, आणि पट्टीपलीकडे जितकी तार जास्त तितकी सरकायला वाव जास्त. त्यात तो अनेकदा सगळीच गिटार अर्धा स्वर खाली लावायचा. अर्धा स्वर खाली म्हणजे तारेचं लांबणं सुमारे अकरा टक्क्यांनी कमी. खेचायला आणखी सोपी, बिघडायला आणखी सोपी. वर ती दांडी, तारा पार लोंबेपर्यंत दाबलेली.

१९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात पुन्हा दोघंही होते. रविशंकर १५ ऑगस्टच्या रात्री भर पावसात वाजले. हेंड्रिक्सची पाळी येईपर्यंत १८ तारखेची, सोमवारची सकाळ उजाडली. लाखोंच्या गर्दीतले बहुतेक लोक घरी गेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रगीताचं त्यानं त्या सकाळी जे केलं ते सर्वांना माहीत आहे. मी त्याची मैफलींची ध्वनिमुद्रणं हल्ली वेगळ्या कारणासाठी ऐकतो. दोन गाण्यांच्या मधल्या जागा ऐकतो. तिथं तो खुंट्या पिळत असतो आणि पिळता पिळता श्रोत्यांशी काहीबाही बोलत असतो, थोडा ओशाळून, थोडी थट्टा करत. चित्रफितींत तो वाजवता वाजवताच खुंटीला हात घालतानाही दिसतो. एवढा मोठा वादक, पण सूर लावायला त्याच्याकडे हक्काची जागा नाही. ती त्याला चोरावी लागते.

हक्काची जागा कुणाकडे होती ते १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसलं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी जॉर्ज हॅरिसननं भरवलेला तो कार्यक्रम. प्रथम रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्यं जुळवण्यात मिनिट-दीड मिनिट गेलं, वादक थांबले आणि सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकर शांतपणे म्हणाले की जुळवणीच इतकी आवडली असेल, तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी आशा आहे. हा सगळा प्रसंग ध्वनिमुद्रिकेतही राहू दिला गेला.

आपल्याकडे हा किस्सा गोऱ्यांच्या अडाणीपणाचा नमुना म्हणून हसत हसत सांगितला जातो. आमच्या घरीही आत्या तो असाच सांगायची. मला आता तितकं हसू येत नाही. एक तर तबलजीनं हातोडीचे चार ठोके मारून ठेक्याचा एक तुकडा वाजवला की आपल्या सभागृहांतही टाळ्या पडतात. दुसरं म्हणजे, त्या श्रोत्यांनी चांगलं तेच ऐकलं. सतार-सरोदाच्या तरफा एकेक करून सुरात येताना जो झंकार उठतो तो सुंदर असतोच. रॉकच्या मंचावर त्यांनी सूर लावणं ऐकलं होतं ते अँप्लिफायरमधून, अडखळत, माफी मागत. इथं चार माणसं बिनघाईनं बसून ते उघड्यावर करत होती. टाळ्या वाजवाव्यात असंच ते होतं, असं मी म्हणेन.

रॉकमध्ये उघड्यावर सूर लावणारा एक बँड होता खरा. ग्रेटफुल डेड. त्यांच्या गाण्यांमधले विराम इतके लांबत की त्यांचे चाहते अजून त्यावरून विनोद करतात. कधी कधी सूर लावता लावता ते एखाद्या पोल्काची नाहीतर जुन्या इटालियन गाण्याची धून छेडून वेळ भरून काढत. पण त्यांचे श्रोते चार-चार तास बसायला आलेले असत, आपल्या रात्रभराच्या मैफलींसारखे. तीन मिनिटांच्या गाण्यांवर जगणाऱ्या बाकीच्या बँडांना हे परवडणारं नव्हतं. शांततेत गर्दी निसटते, ही मंचावरच्या माणसाची भीती खरी असते. ती मी अनुभवली आहे.

म्हणून सूर लावण्याचं काम हळूहळू पडद्याआड गेलं. आधी माणसं आली. मंचाच्या कडेला अंधारात उभा राहणारा गिटार टेक, त्याच्यामागे रॅकवर लावून ठेवलेल्या सात-आठ गिटारी. गाणं संपलं की वादकाच्या गळ्यातली एक काढायची, दुसरी अडकवायची. सॉनिक युथ या बँडची तर कित्येक गाणी ठरावीक गिटारीवरच वाजत, कारण प्रत्येकीची जुळवणी वेगळी. जुलै १९९९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांचा सामानाचा ट्रक चोरीला गेला, तेव्हा वाद्यांबरोबर काही गाणीही गेल्यासारखीच झाली.

मग यंत्रं आली. सुराची कंपनं फिरत्या चकतीवर दाखवणारा कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन १९३६ पासून होता, पण तो शाळा आणि स्टुडिओंसाठी. चांगला पेटीएवढा जड. १९७५ मध्ये कॉर्गनं हातात मावणारा, काटा हलवणारा ट्यूनर काढला. १९९८ मध्ये बॉसनं पायानं दाबायचा ट्यूनर आणला आणि माझ्या मते मंच बदलला तो यामुळे. पाय दिला की दिवे लागतात आणि गिटारचा आवाज बंद होतो. गायक ‘कसे आहात’ विचारेपर्यंत सहा तारा लावून होतात. काळोख आणि गोंगाट, दोन्हींची अडचण संपली. कान लावण्याची गरजही उरली नाही. आज पंचविशीतल्या श्रोत्यानं गिटार सुरात येताना बहुधा कधी ऐकलेलीच नसते.

तिसरा मार्ग वाद्यच बदलण्याचा. एडी व्हॅन हेलन १९७८ च्या पहिल्या आल्बमपर्यंत साध्या जुन्या घोडीवर वाजवत होता. खाचांत तेल घालायचा आणि तारा आधीच ताणून याव्यात म्हणून पाण्यात उकळायचा, असं त्यानं मुलाखतींत सांगितलं आहे. त्याच काळात फ्लॉइड रोज या वादकानं दुखण्याच्या मुळावर बोट ठेवलं. तार खाचेत घासते ना, मग तिला तिथंच जखडून टाका. नटपाशी आणि घोडीपाशी, दोन्हीकडे स्क्रूनं आवळलेली तार सरकणार कुठे? १९७९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. दांडी कितीही दाबा, सूर जागेवर परत येई. पण एक अडचण राहिली. तार जखडल्यावर खुंटीचा काही उपयोग नाही. उन्हानं उतरली तर स्क्रू सोडा, लावा, पुन्हा आवळा. यावर पुढच्या आवृत्तीत घोडीच्या बाजूला सहा छोटे स्क्रू आले, चिमटीत धरून फिरवायचे, बारीक फरक करण्यापुरते.

ते स्क्रू मी प्रथम हातात घेतले तेव्हा मला आत्याचे तंबोरे आठवले. घोडीच्या खालच्या अंगाला तारांत ओवलेले मणके. खुंटीनं ढोबळ, मणक्यानं बारीक. कॅलिफोर्नियातल्या आणि मिरजेतल्या कारागिरांनी एकमेकांना विचारलं असण्याची शक्यता नाही. तारेनंच दोघांना सांगितलं असणार.

यानंतरची दोन यंत्रं थोडक्यात. गिब्सननं २००७ मध्ये स्वतःच्या खुंट्या स्वतः पिळणारी गिटार काढली आणि २०१५ मध्ये तशी यंत्रणा बहुतेक मॉडेलांवर सक्तीनं बसवली. वादकांनी ती नाकारली आणि पुढच्याच वर्षी बहुतेक ठिकाणी जुन्या खुंट्या परतल्या. दुसरं यंत्र एव्हरट्यून. यात प्रत्येक तारेमागे एक स्प्रिंग आणि तरफ असते, ती ताण कायम ठेवते. तार तापली, सरकली, तरी स्प्रिंग तेवढं भरून काढते. गिटार खरोखर बेसूर होत नाही. पण ती पूर्णपणे त्या अवस्थेत ठेवली, तर बोटानं तार खेचली तरी स्वर चढत नाही! स्प्रिंगला काय कळतं, तार चुकून सरकली की वादकानं रडवायला खेचली? मींड हवी असेल तर यंत्र मुद्दाम त्याच्या सीमेवर आणून ठेवावं लागतं, जिथं ते तारेला थोडं मोकळं सोडतं. तिसऱ्या तारेचं गणित मी वहीत मांडलं होतं. त्याचा पुरावा मला या यंत्रानं दिला.

आता कॅसेट. जुन्या कॅसेटवरून कुणाचाही सूर थेट मोजता येत नाही, कारण फीत कमी-जास्त वेगानं फिरते आणि सगळंच चढतं-उतरतं. पण आमच्या बँडमध्ये एक छोटा कॅसिओ होता. त्याला तारा नव्हत्या, त्यामुळे तापून उतरण्याचा प्रश्न नव्हता. फीत हलली तर सगळे एकत्र हलणार. तेव्हा कॅसिओ धरून बाकीच्यांचं अंतर मोजायचं. पाचव्या गाण्यातले गायकाचे नऊ लांब स्वर मी निवडले. सगळे कॅसिओपासून आठ सेंटच्या आत होते. शिकलेल्या गायकालाही शोभेल असं गाणं. मग जिथं मी तिसरी तार एकटी छेडतो त्या चार जागा मोजल्या. पहिल्या गाण्यात ती सहा सेंटनी उतरलेली. पाचव्यात, माझ्या लांबलचक सोलोनंतर, सदतीस.

आत्या जाऊन अकरा वर्षं झाली. तिचे तंबोरे चुलतबहिणीकडे आहेत.

गायकाचा फोन नंबर एका वर्गमित्राकडून मिळवला. तो बँकेतून निवृत्त होऊन नागपूरला स्थायिक झाला आहे. काय लिहावं हे दोन दिवस सुचेना. शेवटी मोजमापाचा कागद, पाचव्या गाण्याचा तुकडा आणि खाली ‘चूक माझ्या तिसऱ्या तारेची होती, तुझी नव्हती’ एवढं व्हॉट्सअॅपवर पाठवलं. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर रात्री उशिरा आलं. त्यानं विचारलं होतं, “दुसरं गाणं आहे का रे त्यात? ते चांगलं झालं होतं.”

आहे. पाठवलं.